हाताने चालवायचा कार्पेट स्वीपर: निवडण्यापासून गुंतवळ काढण्यापर्यंत

कार्पेट स्वीपरबद्दल कानावर येणारी तक्रार बहुधा एकच असते: "सुरुवातीला छान चालायचा, आता नुसता पुढेमागे होतो, कचरा काही उचलत नाही." मग तो पलंगाखाली जातो, तिथून माळ्यावर, आणि पुढच्या आवराआवरीत भंगारात. खरं तर या यंत्रात बिघडण्यासारखं फार काही नसतंच. उलटा करून पाहिलात तर ब्रशच्या दोन्ही टोकांना केसांची आणि दोऱ्यांची घट्ट कडी बसलेली दिसेल. चाकं फिरतात, ब्रश मात्र जागचा हलत नाही. कात्री आणि दहा-पंधरा मिनिटं एवढ्यात तो पुन्हा कामाला लागतो. म्हणून या लेखात खरेदीपेक्षा देखभालीवर जास्त भर आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चपट्या डब्यासारखं एक खोकं, त्याच्या पोटात आडवा गोल ब्रश, खाली चाकं, वर लांब दांडा. वायर नाही, मोटर नाही, पिशवी नाही, फिल्टरही नाही. मोठ्या हॉटेलांत जेवणारी मंडळी बसलेली असतानाच वेटर शेजारच्या टेबलाखालचे पावाचे कण आवाज न करता टिपून नेतो, ते याच वस्तूने.

आधी ठरवा, लागतो का?

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत जमीन फरशीची, कोट्याची, शहाबादीची किंवा टाइल्सची. त्यावर एखादी सतरंजी आणि दाराशी पायपुसणं. एवढंच असेल तर स्वीपर घेऊ नका. सतरंजी उचलून गॅलरीत दोघांनी दोन टोकं धरून झटकली की जेवढी साफ होते, तेवढी स्वीपरने होत नाही. गुळगुळीत टाइल्सवर तर कित्येक स्वीपरची चाकं घसरतात आणि ब्रश कचरा आत घेण्याऐवजी पुढे उडवतो. तिथे फुलझाडू आणि सुपलीच बरी.

तो उपयोगी पडतो ते अशा घरांत: दिवाणखान्यात उचलता न येणारा मोठा गालिचा आहे आणि त्यावर सोफा, टीपॉय ठाण मांडून आहेत, घरात पाळण्यातलं बाळ आहे आणि व्हॅक्यूम क्लीनर सुरू केला की ते दचकून उठतं, वीज कधीही जाते, किंवा आजी-आजोबांना वाकून केर काढता येत नाही आणि व्हॅक्यूमचं धूड ओढवत नाही. साधा स्वीपर साधारण किलो-दोन किलोचा असतो, एका हाताने उचलता येतो.

आणि अमेरिका-इंग्लंडात भाड्याच्या घरांत राहणारी आपली मंडळी. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवलेलं असतं, ते झटकायचा प्रश्नच नाही. खालच्या मजल्यावर शेजारी, रात्री दहा वाजता दिवाळीचा फराळ आटोपलेला, कार्पेटभर चिवड्यातले पोहे आणि शेव. त्या वेळी व्हॅक्यूम काढणं म्हणजे शेजाऱ्याशी वैर. स्वीपर अशाच वेळेसाठी आहे.

एक गोष्ट मनाशी पक्की करा. स्वीपर गालिच्याच्या वर पडलेलं उचलतो. लवीच्या मुळाशी बसलेली बारीक धूळ त्याला काढता येत नाही, कारण तो हवा ओढतच नाही. रोजच्या केराला स्वीपर आणि आठ-पंधरा दिवसांतून एकदा व्हॅक्यूम, अशी वाटणी केली तर दोन्ही यंत्रं नीट उपयोगी पडतात. घरात दमा किंवा धुळीची ॲलर्जी असेल तर नुसत्या स्वीपरवर भागवू नका.

आत काय चालतं

हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. चाकांवर रबराच्या धावा असतात. त्या ब्रशच्या टोकाशी असलेल्या लहान कप्पीला टेकलेल्या असतात. जुन्या सायकलचा डायनॅमो टायरला घासून फिरायचा, तसाच हा ब्रश चाकाला घासून फिरतो. कप्पी चाकापेक्षा लहान, त्यामुळे चाकाचा एक फेरा होईतो ब्रशचे अनेक फेरे होतात. घासून फिरत असल्यामुळे ब्रशची दिशा चाकाच्या उलटी. म्हणून स्वीपर पुढे ढकलला की कचरा पुढच्या कप्प्यात उडतो आणि मागे ओढला की मागच्या कप्प्यात. चांगल्या स्वीपरला ब्रशच्या दोन्ही बाजूंना कप्पे असतात ते याचसाठी. काही स्वस्त स्वीपरमध्ये रबराऐवजी प्लास्टिकची दातेरी चक्रं असतात. ती घसरत नाहीत, पण खडखडतात, आणि एखादा दाता तुटला की दुरुस्ती संपली.

ही रचना जवळजवळ दीडशे वर्षांची आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी मेल्व्हिल आणि ॲना बिसेल या नवराबायकोचं काचसामान आणि चिनीमातीच्या भांड्यांचं दुकान होतं. भांडी ज्या भुश्यात बांधून यायची तो भुसा दुकानातल्या गालिच्यात अडकून बसायचा आणि झाडूला दाद द्यायचा नाही. त्या त्रासातून मेल्व्हिल यांनी स्वीपर तयार केला आणि 1876 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. ब्रश तेव्हा डुकराच्या राठ केसांचे असत. गावातल्या बायका घरी बसून केसांचे झुपके बांधून द्यायच्या आणि ॲना ते गोळा करून आणायच्या. 1884 मध्ये कारखाना जळला, तो पुन्हा उभा केला. 1889 मध्ये मेल्व्हिल वारले आणि कंपनीची सूत्रं ॲनांनी हाती घेतली. विजेवर चालणारा, घरात हाताळता येईल असा व्हॅक्यूम क्लीनर बाजारात आला तो त्यानंतर, 1908 च्या सुमारास. तेव्हा स्वीपर ही व्हॅक्यूमची स्वस्त नक्कल असल्याचा समज काढून टाका. तो व्हॅक्यूमच्या आधीचा आहे.

जाता जाता एक: आजही काही ब्रश डुकराच्या किंवा घोड्याच्या केसांचे असतात. देवघरात तो फिरवायला घरात कोणाची हरकत असेल तर घेण्याआधी माहिती वाचा. नायलॉनचा ब्रश सगळीकडे मिळतो, धुवायलाही सोपा.

घेताना काय पाहायचं

दुकानात हाताळायला मिळाला तर उत्तम. खिशातली पावती घ्या, तिचे नखाएवढे तुकडे करा, दुकानातल्या पायपुसण्यावर टाका आणि एकदा पुढे, एकदा मागे फिरवा. दोन्ही वेळा तुकडे उचलले गेले पाहिजेत. मग स्वीपर उलटा करून एक चाक बोटाने फिरवा. त्याबरोबर ब्रश फिरतो का पाहा. दुसऱ्या हाताने ब्रश धरून ठेवा आणि चाक फिरवून पाहा. बोटाला चांगला अडसर जाणवला पाहिजे. चाक बिनदिक्कत फिरलं तर रबराची पकड कच्ची आहे, तो नग नको.

ब्रश बाहेर निघतो का, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. एका टोकाला स्प्रिंग किंवा खटका असतो, तो दाबला की ब्रश हातात येतो. ज्याचा ब्रश निघत नाही तो कितीही देखणा असला तरी वर्षभरात केसांनी भरणार. सुटा ब्रश पुढे विकत मिळतो का, तेही विचारून घ्या.

मग उंची. दांडा जोडून सरळ उभे राहा. पाठ न वाकवता स्वीपर पुढे ढकलता आला पाहिजे. दांडा नळीचे तीन-चार तुकडे जोडून होत असेल तर उंच माणसाला तो बहुधा कमी पडतो. दिवाण किंवा सोफ्याखालची मोकळी जागा घरी मोजून जा, कारण डबा तिथे शिरला पाहिजे आणि दांडाही जमिनीला जवळजवळ टेकेल इतका आडवा झाला पाहिजे. काही स्वीपरचा दांडा अर्ध्यातच अडतो. पुढचा कचरा मग तिथेच मुक्कामाला.

ब्रश वरखाली करायची सोय असेल तर चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. आखूड लवीच्या गालिच्याला ब्रश खाली, जाड लवीला वर. बोटभर लांब, लोकरीच्या मेंढीसारखा दिसणारा गालिचा असेल तर मात्र कुठलाच स्वीपर नको. चाकं त्यात रुततात आणि लव ब्रशला गुंडाळली जाते. काथ्याच्या चटईवरही फारसा उपयोग नाही, कचरा विणीच्या खाचांत बसलेला असतो.

बॅटरीवर चालणारे स्वीपरही मिळतात. ब्रश मोटरने फिरतो, बाकी सगळं तेच. हाताला कमी जोर लागतो हे खरं, पण बॅटरी थकली की आख्खी वस्तू थकते. मी साध्याच्या बाजूने आहे.

फिरवण्याची पद्धत

पहिलं काम हाताचं. गालिच्यावरची नाणी, टाचण्या, सेफ्टी पिना, केसांच्या क्लिपा, लेगोचे ठोकळे, मोठ्या सुतळ्या आधी वेचा. टिकल्याही. टिकली ब्रशने उचलली तर जात नाही, पण तंतूंना चिकटून बसते आणि पुढे तिच्याभोवती केस जमा होतात.

दुसरं, कडा. स्वीपरच्या दोन्ही बाजूंना चाकांमुळे बोट-दोन बोटं जागा अशी राहते की जिथे ब्रश पोचतच नाही. कोपऱ्यांना छोटे ब्रश लावलेले असतात, पण ते कचरा फक्त ढकलतात. म्हणून भिंतीकडेचा आणि सोफ्याच्या पायांजवळचा केर आधी लहान कुंच्याने वीतभर आत ओढून घ्या. हे नंतर करायला गेलात तर झाडलेल्या भागावर पुन्हा केर येतो.

आता स्वीपर. दाराच्या समोरच्या भिंतीकडून सुरू करा आणि दाराकडे येत मागे सरका, म्हणजे झाडलेल्या जागेवर पाय पडत नाहीत. हात जितका सहज पुढे जाईल तितका लांब पट्टा ढकला, तसाच मागे ओढा. वेग चालण्याइतका ठेवा. ब्रशचा वेग तुमच्या वेगावर असतो; फार हळू गेलात तर कचरा उडून कप्प्यापर्यंत पोचत नाही, जागेवरच घोळतो. तोकडे तोकडे हिसके दिले तरी तेच होतं, ब्रशला गती घ्यायला वावच मिळत नाही. दुसरा पट्टा पहिल्यावर चार बोटं चढवा.

दाबू नका. कचरा उचलला जात नाही असं दिसलं की आपण अंगचा जोर लावतो आणि तिथेच चुकतं. दाबल्यावर ब्रशचे तंतू आडवे होतात, गालिच्यात रुततात आणि फिरायचे थांबतात. ढकलायचा जोर फक्त पुढे आणि मागे. खाली वजन स्वीपरचं स्वतःचं पुरेसं असतं.

लवीला दिशा असते. तळहात फिरवून पाहा, एका बाजूने मऊ लागते, उलट बाजूने खरखरीत. आधी लवीच्या उलट दिशेने फिरवा, त्यामुळे तळाशी गेलेले कण वर येतात. शेवटचा हात लवीच्या दिशेने मारला की गालिचा एकसारखा दिसतो.

सतरंजी किंवा दरी असेल तर वेगळी युक्ती लागते, कारण ती हलकी असते आणि स्वीपरबरोबर गोळा होत जाते. एका टोकावर दोन्ही पाय रोवून उभे राहा, स्वीपर मधोमध ठेवा आणि तिथून फक्त पुढे ढकला. मागे ओढायचा नाही. टोकाला गेला की आडवा उचलून पुन्हा मध्यावर आणा. अर्धी झाली की दुसऱ्या टोकाला जाऊन तसंच करा. टोकाच्या दशा किंवा गालिच्याचे गोंडे ब्रशखाली येऊ देऊ नका. एकदा दशी ब्रशला गुंडाळली की ओढाताणीत विणच उसवते. गोंड्यांपासून चार बोटं आधी थांबा, तेवढा भाग हाताने झटका.

स्वीपर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेताना दांड्याने तिरका उचलू नका. कप्प्यांना बहुधा झाकण नसतं, आतला केर सगळा रांगेने परत गालिच्यावर येतो. तो आडवाच राहील असा, डब्याखाली हात देऊन न्या.

काय उचलायला लावू नये

ओलं काहीही नको. चहा सांडला, बाळाने भात सांडला, मुलाने पावसातले बूट आत आणले, तर आधी टिपून घ्या, वाळू द्या, मग स्वीपर. ओल आणि धूळ मिळून ब्रशला चिखलाचा लेप बसतो. पत्र्याचा कप्पा गंजतो, प्लास्टिकच्याला कुबट वास येतो.

आपल्या घरांतल्या काही खास गोष्टी आहेत ज्या कुठल्याच कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाहीत. रांगोळी म्हणजे दगडाचं वस्त्रगाळ पीठ. ब्रश ती उचलण्याऐवजी लवीत खोल घालतो. तिला व्हॅक्यूमच. हळदीकुंकू तर आणखी वाईट. सांडलेल्या कुंकवावर स्वीपर फिरवलात तर एका ठिपक्याचा हातभर पट्टा होतो आणि ब्रश पुढचे चार दिवस जिथे जाईल तिथे गुलाबी छटा सोडतो. ते कोरडं असतानाच चिकटपट्टीने टिपा, चोळू नका. अक्षतांचे तांदूळ तो झटकन उचलतो, पण त्यांनाही कुंकू असतंच, तेव्हा फिकट रंगाच्या गालिच्यावर त्या हाताने वेचलेल्या बऱ्या. उदबत्तीची राख पसरते. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या चालतात, ताज्या चिरडून डाग पडतो.

चिवडा, शेव, चुरमुरे, बिस्किटाचा चुरा, पेन्सिलीच्या ढलप्या, खडूचे तुकडे, मांजरीचे वर आलेले केस, कापलेल्या कागदाचे कपटे: हे त्याचं खरं खाद्य. लाडवाचा चुरा मात्र तुपट असतो, तो तंतूंना धरतो. एखाद्या वेळी ठीक, सवय नको.

गालिच्याचा वास घालवायला त्यावर खायचा सोडा भुरभुरावा असा सल्ला सर्रास दिला जातो. भुरभुरा, पण तो काढायला व्हॅक्यूमच लागेल. पूर्वी इंग्लंडात ओलसर चहापत्ती गालिच्यावर पसरून मग झाडायची पद्धत होती, म्हणजे धूळ उडायची नाही. आपल्या कडक चहाची पत्ती फिकट गालिच्यावर कोणी पसरू नये.

केर रिकामा करणं

प्रत्येक वेळी, काम झाल्या झाल्या. कप्पे लहान असतात, आणि भरले की कचरा परत खाली सांडतो. बरेच जण हे आठवड्यावर टाकतात आणि मग स्वीपरला नावं ठेवतात.

जमिनीवर वर्तमानपत्राचं दुहेरी पान पसरा, त्यावर स्वीपर धरा आणि कप्पे उघडायची कळ दाबा. दोन्ही कप्पे खालच्या बाजूला उघडतात. डब्यावर हलकी थाप मारा, कोपऱ्यात चिकटलेलं जुन्या टूथब्रशने पाडा. वाऱ्याच्या गॅलरीत हे करू नका, आणि खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर मुळीच नको. पान चारी बाजूंनी दुमडून कचऱ्याच्या डब्यात. कप्पे बंद करताना टक् असा आवाज आला पाहिजे. अर्धवट बंद कप्पा ब्रशला घासतो.

गुंतवळ काढायची

लांब केसांच्या दोन बायका घरात असतील तर दर आठवड्याला, नाहीतर महिन्यातून दोनदा. घरी शिवणकाम होत असेल तर दोऱ्यांमुळे त्याहूनही लवकर. साहित्य: लहान टोकदार कात्री किंवा टाके उसवायचा रिपर, जुना कंगवा, चिमटा, ओलं फडकं, भरपूर उजेड.

1. वर्तमानपत्रावर स्वीपर उलटा ठेवा. ब्रश काढायच्या आधी मोबाइलवर एक फोटो घ्या, विशेषतः दोन्ही टोकांचा. कुठली वॉशर कुठे होती हे नंतर आठवत नाही.

2. खटका किंवा स्प्रिंग दाबून ब्रश काढा. निघत नसेल तर जोर लावू नका, आधी तिसरी पायरी करा. केसांनी आवळल्यामुळेच तो बहुधा अडकलेला असतो.

3. ब्रश नीट पाहा. तंतूंच्या रांगा बहुधा पिळासारख्या तिरक्या गेलेल्या असतात आणि दोन रांगांमध्ये मोकळी खाच असते. कात्रीचं खालचं पातं त्या खाचेत सरकवा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत केस आडवे कापत जा. तंतूंवर कात्री चालवायची नाही. एकदा सलग चीर पडली की गुंडाळलेले वेढे सैल होतात आणि चिमट्याने ओढल्यावर लांबच्या लांब पट्टी सुटून येते. ही पट्टी नमद्यासारखी घट्ट, करड्या रंगाची असते. पहिल्यांदा काढताना एवढं आत होतं यावर विश्वास बसत नाही.

4. उरलेले सुटे केस कंगव्याने विंचरून काढा. काही स्वीपरच्या डब्यात आतून एक फणी बसवलेली असते, ती तंतू चालता चालता विंचरते. तिच्या दातांतही गुंतवळ असते, तीही काढा.

5. आता आसाची टोकं. ही पायरी बहुतेक जण गाळतात. ब्रशचा मधला भाग स्वच्छ झाला की काम झालं असं वाटतं, पण ब्रश अडवणारे केस आस जिथे भोकात बसतो तिथे असतात. दिसायला काळी रबरी कडी वाटेल. रिपरच्या टोकाने टोकरून पाहा. ती कडी उलगडली तर ते केसच आहेत. डब्याच्या बाजूची भोकंही काडीला कापूस गुंडाळून पुसा. चाकांच्या आसांनाही हेच.

6. चाकांच्या रबरी धावा आणि ब्रशची कप्पी ओल्या फडक्याला भांड्यांच्या साबणाचा थेंब लावून पुसा, मग कोरड्याने. त्यांवर तेलकट धुळीचा थर आला की पकड सुटते आणि चाकं नुसती घसरतात.

7. नायलॉनचा सुटा ब्रश कोमट साबणपाण्यात धुवायला हरकत नाही. लाकडी दांड्यावरचा ब्रश भिजवू नका, लाकूड फुगतं. धुतलेला ब्रश तंतूंवर वजन येणार नाही असा सावलीत टांगा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

8. बसवण्याआधी आसाच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. एकच. ओघळ पुसून घ्या. तेल रबराला लागलं तर सहाव्या पायरीची मेहनत वाया. खोबरेल वापरू नका, ते थंडीत गोठतं आणि एरवी धूळ धरून चिकट होतं.

9. ब्रश बसवा, चाक बोटाने फिरवा. ब्रश बरोबर फिरला की झालं.

तरीही नीट चालत नसेल तर

एकाच दिशेने कचरा उचलत असेल, तर एका जोडीची चाकं कप्पीला टेकत नाहीत किंवा त्या बाजूचा कप्पा गच्च भरलाय. मधोमध केराची रेघ राहत असेल तर ब्रश मध्यभागी झिजला आहे. तपासायला स्वीपर सपाट टेबलावर ठेवा, कागदाची पट्टी ब्रशखाली सरकवा आणि ओढा. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे कागदाला सारखाच हलका अडसर लागायला हवा. मध्ये सुळकन निघाली तर नवा ब्रश. तंतू आडवे पडलेले असतील, पण झिजलेले नसतील, तर ब्रश काढून गरम पाण्याच्या वाफेवर क्षणभर धरा आणि कंगव्याने उभे करा. नायलॉन पुष्कळदा सावरतो.

दांड्याचे तुकडे आट्यांवर डगमगत असतील तर नळाला लावतात ती पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे गुंडाळून पुन्हा पिळा. डगमगता दांडा दिसायला क्षुल्लक दोष, पण त्यामुळे डबा तिरका चालतो आणि एक बाजू उचललेली राहते.

रबरी धाव कडक होऊन भेगाळली असेल आणि सुटी मिळत नसेल, तर प्लंबिंगच्या दुकानात चाक घेऊन जा. पाइपच्या जोडात घालतात त्या गोल रबरी रिंगांमध्ये नेमक्या मापाची मिळाली तर बसते. चिकटवायची नाही, ताणून चढवायची. मापात थोडी कमी घ्यावी, जास्त नको.

ठेवताना स्वीपर ब्रशवर उभा करून महिनोन्‌महिने ठेवू नका, तंतू एका बाजूला झुकतात. दांड्याच्या टोकाला भोक किंवा कडी असते, ती खिळ्याला अडकवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात त्याला बंद कपाटात कोंडू नका. महिनाभर वापरला नाही तर ब्रशला बुरशी आणि पत्र्याला गंज धरतो. जून लागायच्या आधी एकदा सगळी गुंतवळ काढून, धुऊन, कडक वाळवून, आसांना तेलाचा थेंब देऊन हवेशीर भिंतीला टांगा, आणि मधून मधून कोरड्या दिवशी गालिच्यावर दोन पट्टे मारून घ्या.